सहा दिवस मी क्लॅम्प होतो

गेल्या थंडीत सहा दिवस मी क्लॅम्प होतो. सकाळी नऊला कामावर हजर, दुपारी जेवणाची सुट्टी, पाचला सुटका. ज्यांनी क्लॅम्प पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो: तो लोखंडाचा वाकडा हात असतो, त्याला पिळायची मूठ असते, आणि मूठ पिळली की तो लाकडाला टेबलाशी असा आवळतो की ते जागचं हलत नाही. क्लॅम्पकडून अपेक्षा एवढीच, की त्यानंही हलू नये. आता मी असा माणूस आहे की लग्नाच्या पंगतीत भात येईपर्यंत दोनदा उठून वाढप्यांना सूचना देऊन येतो. या माणसानं ती नोकरी कशी केली, आणि शेवटी कोणी त्याला तिच्यातून सोडवलं, ते ऐका.

झाईच्या अलीकडे, समुद्राजवळ, आमची चिकूची वाडी आहे. शनिवार-रविवारी पाहुणे राहायला येतात. त्यांना झाडांखाली एका रांगेत जेवायला बसवता येईल असं लांबच लांब टेबल हवं, असं बायकोनं ठरवलं. दोन वर्षांपूर्वी वाऱ्यात आमचा एक जुना शिरीष आडवा झाला होता. त्याच्या जाड फळ्या आशागडजवळच्या एका मिलमधून पाडून आणल्या होत्या आणि त्या शेडमध्ये वाळत पडल्या होत्या. फळ्या होत्या, झाडं होती, पाहुणे होते. टेबल तेवढं व्हायचं होतं.

ते करायला सुतारबाबा आले. तलासरीच्या पुढे त्यांचा पाडा. आमच्या घरातलं प्रत्येक दार, प्रत्येक पाट त्यांच्या हातचा. हातचा म्हणतो खरा, पण अर्धं श्रेय उजव्या पायाला द्यायला हवं. बाबा जमिनीवर बसून काम करतात. फळी पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात धरायची, टाच तिच्यावर रोवायची आणि करवत ओढायची. इतक्या वर्षांत तो अंगठा बाकीच्या बोटांपासून चांगला फटकून उभा राहायला लागला आहे, घरातल्या थोरल्या भावासारखा. बाबांच्या वडिलांनी असंच लाकूड धरलं, आजोबांनीही. करवत तशी समजूतदार. पायाजवळ आली की हाताला कळतं, हात थांबतो, करवतही थांबते.

पण शिरीषाच्या त्या फळ्या करवतीनं कापायच्या तर पुढची थंडी उजाडली असती. म्हणून मी वापीला गेलो आणि गोल पात्याचं, हातात धरून चालवायचं कटर घेऊन आलो. दुकानदार भला माणूस. त्यानं मशीन दाखवलं, पात्यावरचं झाकण दाखवलं आणि म्हणाला, "शेठ, लाकूड बांधल्याशिवाय मशीन चालू करायची नाय. चार क्लॅम्प पण नेऊन टाका." इथे माझ्या आयुष्यातली एक लहानशी चूक झाली. माझ्या मागे एक ठेकेदार उभा होता, आणि गेली दहा मिनिटं मी त्याला ऐकू जाईल अशा आवाजात लाकडांविषयी बोलत होतो. एवढ्या जाणकार माणसाकडे क्लॅम्प नाहीत हे त्या ठेकेदाराला कळावं, हे मला सोसवेना. मी म्हणालो, "घरी आहेत."

घरी कपडे वाळत घालायचे चिमटे होते.

पहिल्या दिवशी बाबांनी मशीन चालू करून पाहिलं. त्याचा आवाज चिकूच्या पानापानांतून फिरून आला, आणि त्याच्या मागोमाग मावशी आली. मावशी म्हणजे बाबांची बायको. आमच्याकडे चिकू निवडायला येते, लहानमोठी फळं वेगळी करते, आणि माणसंही त्याच नजरेनं निवडते. ती शेडच्या दारात उभी राहून त्या फिरणाऱ्या पात्याकडे बघत राहिली. मशीन थांबल्यावर तिनं आधी नवऱ्याचा पाय पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिलं.

तिच्या धाकट्या भावाची दोन बोटं एका कारखान्यात गेली होती. असंच मशीन, असंच घाईचं काम. ते तिनं मला थोडक्यात सांगितलं. मग म्हणाली, "पगार परत मिळतो भाऊ, बोटं मिळत नाहीत. ह्यांचा पाय लाकडावर दिसला तर मी हे मशीन विहिरीत टाकीन. माझा भाऊ सांगतो, लाकूड आवळायचं लोखंड असतं. ते आहे ना तुमच्याकडं?"

एकदा "घरी आहेत" म्हटलेला माणूस दुसऱ्यांदा काय म्हणणार?

"आहे," मी म्हणालो.

"मग त्यांचा पाय तुमच्याकडं दिला," असं म्हणून ती चिकूंकडे परत गेली. जाताजाता नवऱ्याला तिनं चपला घालायला लावल्या. चपलेत पाय असला की अंगठ्याला लाकूड धरता येणार नाही, हा तिचा हिशेब. बाबांच्या पायात त्या दिवसापासून त्यांच्या जावयाच्या रबरी चपला आल्या, चांगल्या दोन नंबर मोठ्या.

वापीच्या दुकानात परत तोंड दाखवायची सोय नव्हती म्हणून मी लगेच डहाणूला गेलो, असं समजू नका की हातावर हात ठेवून बसलो. तिथल्या दुकानात क्लॅम्प होते, पण कॅरमचा बोर्ड धरतील एवढेच. मोठे मंगळवारी येतील, असं दुकानदार म्हणाला. मंगळवारपर्यंत काम थांबवायचं तर मावशीला कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगायचं तर खरं सांगावं लागणार. मी शेडमध्ये येरझाऱ्या घालत होतो. बाबांनी दोन बाजूंना चिकूचे रिकामे प्लास्टिकचे क्रेट एकावर एक, गुडघ्याइतके रचले, त्यांवर फळी टाकली, हातानं हलवून पाहिली. फळी हलली. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी ब्याण्णव किलोचा आहे, आणि ते सगळं बरंचसं एकाच जागी आहे.

"शेट," बाबा अदबीनं म्हणाले, "तुम्ही बसा फळीवर."

मी बसलो. फळी हलायची थांबली. आम्ही दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं जणू नवा शोध लागला होता.

पहिला तास मजेचा होता. वाडीचा मालक फळीवर विराजमान, पुढे भुशाचं कारंजं, मधूनमधून मी हात वर करून पाखरांना अभिवादन करत होतो. दुसऱ्या तासाला कळलं की आपण अडकलो आहोत. मशीन चालू असताना हलायचं नाही. मशीन बंद झालं तरी अर्धी कापलेली फळी कलंडू नये म्हणून हलायचं नाही. पाठीवर लाल मुंगी चढली, ती कुठे चालली आहे हे मला घरबसल्या कळत होतं, आणि मी काही करू शकत नव्हतो. मोबाइल मांडीखाली वाजत होता. तो माझ्याच वजनाखाली आवळलेला होता, त्या अर्थानं मी उत्तम क्लॅम्प होतो. तिसऱ्या दिवशी माझा डावा पाय जेवणापर्यंत झोपलेला असायचा आणि जेवणानंतर मी स्वतः.

मावशी दिवसातून दोनदा डोकवायची. ती येताना दिसली की बाबा काम थांबवून पेन्सिल शोधायला लागायचे आणि मी फळीवर असा पाय हलवत बसायचो जसा कोणी सहज विसाव्याला टेकतो. ती विचारायची, नीट चाललंय ना. मी म्हणायचो, अगदी. ती नवऱ्याच्या चपला बघायची आणि जायची. हे नाटक मी इतकं छान वठवत होतो की मला स्वतःलाच टाळी द्यावीशी वाटायची. पण ती वळली की माझी नजर पुन्हा त्या पायावर जायची. माझ्या ताब्यात दिलेला तो पाय मी दिवसभर पाहत होतो, जसा परीक्षेतला पर्यवेक्षक एकाच मुलाकडे पाहत राहतो. लहानसहान तुकडा कापायचा आला, की बाबांच्या नकळत चप्पल जमिनीवरून वर उचलली जायची. मी त्यासाठीच हाताशी ठेवलेली काठी जवळच्या क्रेटवर आपटायचो. चप्पल खाली जायची. दिवसातून वीस वेळा तरी.

चौथ्या दिवशी बायकोचे मामा लग्नाची पत्रिका घेऊन आले. आता आमच्याकडे पत्रिका म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत असेल. उठून उभं राहायचं, पाणी द्यायचं, पत्रिका दोन्ही हातांनी घ्यायची. मामा शेडच्या दारात आले तेव्हा कापणी ऐन मध्यावर होती. मी बसल्या जागेवरून मान लववली. मशीन बंद झालं. मामा वाट बघत उभे. मी उठलो असतो तर फळीचं टोक बाबांच्या गुडघ्यावर आलं असतं. मी शक्य तितक्या आदरानं बसून राहिलो. मामांनी पत्रिका माझ्या मांडीवर ठेवली, वर हळदकुंकवाच्या अक्षता ठेवल्या, आणि पाणी न घेता गेले. संध्याकाळपर्यंत डहाणूत ज्याला-त्याला कळलं होतं की जावई फळीवरून उठला नाही.

बायकोनं जाब विचारला. मी म्हणालो, मामांनी मला ऊठ म्हणायचं होतं. तिनं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. कारण आमच्याकडे तेही कोणी म्हणत नाही. एकदा बसलेल्या माणसाला ऊठ म्हणू नये, पाटावरच्याला तर मुळीच नाही. तो आपल्या मनानं उठेल तेव्हा उठेल. पाहुणा चार तास बसला तर आम्ही चार वेळा चहा करतो, पण ऊठ म्हणत नाही. हा रिवाज इथे सांगून ठेवतो, कारण दोन दिवसांनी त्याच्यापायी बाबांचा पाय जाता जाता राहिला.

मंगळवार आला आणि गेला. डहाणूचा दुकानदार म्हणाला, गाडी आली पण माल दुसराच आला.

सहाव्या दिवशी शेवटची फळी उरली, सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत जाड. आतापर्यंत आम्ही फळ्यांची टोकं कापत होतो. टोक क्रेटच्या बाहेर लटकत असे, मी दूर दुसऱ्या बाजूला बसत असे, आणि कापणी पुरी झाली की तुकडा टपकन खाली पडत असे. ही फळी मात्र मधोमध कापून तिच्या दोन करायच्या होत्या. एक टोक या क्रेटांवर, एक टोक त्या क्रेटांवर, मध्ये पेन्सिलची रेघ. मी सवयीनं जाऊन बसलो, रेघेपासून हातभर अंतरावर. फळी माझ्याखाली किंचित वाकली. बाबा मशीन हातात घेऊन उभे होते. त्यांनी रेघेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि मिटलं. मला वाटलं, जांभई असेल.

मशीन सुरू झालं. पातं अर्ध्यापर्यंत छान गेलं. मग त्याचा सूर बदलला, आधी कण्हल्यासारखा, मग घोगरा. फळी हलायला लागली. आणि मी पाहिलं की बाबांची चप्पल जमिनीवर नाही. ती वर, लाकडावर, रेघेच्या शेजारी रोवलेली आहे. मी काठी उचलली. पण काठी क्रेटपर्यंत पोचायच्या आत मशीन लाथ मारल्यासारखं मागे उसळलं, बाबांच्या हातांसकट. पातं त्या चपलेवरून गेलं. त्याच क्षणाला माझ्या बाजूचा क्रेट सरकला, अर्धी कापलेली फळी कडकन मोडली, आणि मी बसल्या पोझमध्ये जमिनीवर आलो. फळीचं दुसरं, जड अर्धुक माझ्या मांड्यांवर.

मग शांतता. इतकी, की समुद्राचा आवाज यायला लागला.

"बाबा, पाय," मी म्हणालो. मला फळीमुळे दिसत नव्हता. उठता येत नव्हतं. सहा दिवस मी त्या पायावरून नजर काढली नव्हती, आणि नेमका आता मी असा अडकलो होतो की मला तो दिसेना. ते दोन-तीन श्वास मी आजही विसरलेलो नाही. तेवढ्यात मी सगळं कबूल करून टाकलं मनातल्या मनात: वापीचा ठेकेदार, मावशीचा भाऊ, मंगळवार.

"आहे," बाबा म्हणाले.

चपलेचं पुढचं टोक सुरी फिरवल्यासारखं कापलं गेलं होतं. पण चप्पल जावयाची. त्या टोकात बाबांची बोटं पोचतच नव्हती.

मावशी आली ती पळत आली नाही. सहा दिवसांत तिला त्या मशीनचा सूर ओळखता यायला लागला होता, आणि हा सूर मध्येच तुटला होता. तिनं दारातून सगळं पाहिलं. नवरा उभा, हातात मशीन. चप्पल. मोडलेली फळी. तिच्याखाली मी.

"आवळायचं लोखंड कुठंय?" तिनं विचारलं.

बाबांची नजर फळीखाली गेली.

"मीच, मावशी," मी फळीखालून म्हणालो.

मला वाटलं ती हसेल. माझ्या आयुष्यात असं वाक्य मी कधी वाया जाताना पाहिलं नव्हतं. ती हसली नाही. तिनं नवऱ्याच्या पायातली चप्पल काढून घेतली, त्या कापलेल्या जागेत बोट घालून पाहिलं, मग त्यांचा पाय हातात घेऊन बोटं मोजली, एक-एक, दाबून. नंतर तिनं मशीनचा प्लग काढायला लावला, पातं सोडायचा-बसवायचा पाना मागून घेतला, नवऱ्याकडून पातं उतरवून घेतलं आणि पाना पदराच्या गाठीत बांधला. माझ्याकडे तिनं पाहिलंच नाही. बाबा फळी उचलायला वाकले तर म्हणाली, "राहू दे. त्यांना बसायला आवडतं."

मग ती उलट्या क्रेटवर बसली आणि नवऱ्याला विचारलं, "तुम्हाला कळत होतं?"

बाबांनी जमिनीकडे पाहत सांगितलं. रोज नाही, पण आज कळत होतं. दोन टोकांवर ठेवलेली फळी मध्ये कापली आणि मध्येच वजन आलं, की ती वाकते आणि कापलेली फट वरून मिटते. करवत असली तर ती हळूहळू जड होते, मग आपण फटीत पाचर ठोकतो आणि पुढे कापतो. हे मशीन पाचर ठोकायला वेळ देत नाही. पात्याला चिमटा बसला की ते मागे उलटतं.

"मग त्यांना ऊठ का नाही म्हणालात?"

"मीच त्यांना बसा म्हणालो होतो," बाबा म्हणाले. "बसवलेल्या माणसाला ऊठ कसं म्हणायचं?"

तिनं आता माझ्याकडे पाहिलं. "आणि भाऊ, तुम्ही?"

"मी एकदा आहे म्हणालो होतो," मी म्हणालो. फळीखाली माणूस फार लांब भाषण करत नाही.

"दोघं शहाणे," मावशी म्हणाली, "आणि मध्ये पाय."

त्यानंतर तिनं फळी उचलू दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वापीला निघालो तर मावशी टेम्पोत आधीच बसली होती. पाना तिच्या पदरात. दुकानात तोच दुकानदार. मी चार मोठे क्लॅम्प मागितल्यावर त्यानं निरागसपणे विचारलं, "शेठ, घरी होते ना?"

मी तोंड उघडलं, पण मावशी पुढे सरकली. "होता एक," ती म्हणाली. "मोडला."

येताना मी रस्ताभर हसत होतो आणि ती खिडकीबाहेर बघत होती. उंबरगाव मागे पडल्यावर तिच्या खांद्यांकडे माझं लक्ष गेलं. तेही हलत होते.

पुढची मांडणी बाबांनी केली, आणि काय सुरेख केली. क्रेट गेले. जुनं भक्कम दार दोन बुटक्या लाकडी घोड्यांवर, म्हणजे चार पायांच्या टेकणांवर, आडवं टाकलं. त्यावर चार सरळ पट्ट्या, त्यांवर मोडलेल्या शेवटच्या फळीचा धड राहिलेला मोठा तुकडा, त्यावर नवी रेघ. पट्ट्या अशा, की रेघेच्या दोन्ही अंगांना लाकडाला खालून आधार मिळावा आणि कापल्यावर कुठलंही अंग खाली झुकू नये किंवा वर उचलू नये. पातं चढवल्यावर ते फळीच्या जाडीपेक्षा चिकूच्या सालीइतकंच खाली उतरेल असा मशीनचा तळ लावला. वायर खांद्यामागून घेतली. क्लॅम्प चार ठिकाणी पिळले, आणि मशीन जाईल त्या वाटेत एकही नाही हे मशीन बंद ठेवूनच एकदा सरकवून पाहिलं. मग मावशी पुढे झाली. तिनं फळी धरून सगळ्या अंगाच्या जोरानं ओढली. ढकलली. पुन्हा ओढली. घोडे हलले, दार हललं, फळी दारावरून सुताभरही सरकली नाही. तेव्हा कुठे तिनं पदराची गाठ सोडली; बाबांनी पान्यानं पातं बसवलं, मग प्लग लावला.

मला तिनं दहा पावलांवर खुर्ची दिली. "बसा. पातं थांबेपर्यंत उठायचं नाही." म्हणजे मी पुन्हा अडकलो, या वेळी कामाशिवाय.

बाबा रेघेच्या मागे नाही, बाजूला उभे राहिले. मशीन सुरू झालं. मी सवयीनं त्यांच्या पायाकडे पाहिलं. तो हलला. टाच सुटली, अंगठा लाकडाकडे निघाला. माझ्या हातात काठी नव्हती. मावशीनंही पाहिलं असणार, कारण तिनं पदर मुठीत धरला. पाय दाराच्या कडेपर्यंत गेला, तिथे क्लॅम्पच्या थंड लोखंडाला टेकला, आणि थांबला. जागा भरलेली होती. अंगठ्यानं त्या लोखंडाला एकदा चाचपलं, जसा जुना नोकर नव्याला बघतो, आणि पाय आपल्या आपण खाली आला.

पातं फळीच्या पार निघालं. सूर एकदाही बदलला नाही. बाबांनी बटण सोडलं, पण मशीन उचललं नाही. पातं गरगरत, मग सावकाश, मग एकेक दात मोजता येईल असं फिरून थांबलं. दोन्ही अर्धी आपापल्या जागी पडून होती, मध्ये सरळ फट.

मी खुर्चीत बसलो होतो. बाबा भुसा झटकत होते, ते काही मला ऊठ म्हणणार नव्हते. मावशी जवळ आली, पान्यासाठी हात पुढे करून बाबांकडून तो परत घेतला, आणि आमच्याकडे कोणी कुणाला म्हणत नाही ते मला म्हणाली.

"उठा, भाऊ."